एका पाण्याचे वाटेकरी

कमल मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर पेपर धरून बसलो होतो. एकाएकी ती म्हणाली, "अहो, सॅलरी हा शब्द मिठावरून आलाय, माहीत आहे का? रोमन शिपायांना म्हणे पगारात मीठ द्यायचे. काल बागेत सावंत भाऊजी सांगत होते. मिठागर रोडकडे हात करून म्हणाले, वहिनी, म्हणजे आपण पगाराच्या ढिगावरच राहतो की! काय छान सांगतात हो ते." तिने हातातली जुडी संपवून दुसरी सोडली. माझ्या हातातला पेपर हलला नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. छातीत मात्र काहीतरी जागचं सरकलं. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

ही गोष्ट मी तिला सांगितली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, घाटकोपरच्या खोलीत. ती तेव्हा महापालिकेच्या इस्पितळात नुकतीच नर्स म्हणून लागली होती. पहिला पगार आणून तिने बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला होता आणि मग पाट्यावर चटणी वाटायला बसली होती. मी दारात उभा राहून सॅलरी, सलारियम, साल असं उलटं उलटं जात मिठापर्यंत पोचलो. माझा आवाज थरथरत होता, कारण मी हे आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मोठ्याने सांगत होतो. तिने वरवंटा थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आठवण केलीत. मीठ संपलंय. जाऊन आणा." मी आणलं. रस्त्याने जाताना मी एकटाच हसत होतो. मला वाटलं होतं, तिने ते ठेवून घेतलंय कुठेतरी, पहिल्या पगाराच्या पाकिटाबरोबर. आता कळलं की ते तिथे नव्हतंच. जागा रिकामी होती आणि सावंत येऊन तिच्यात बसला होता.

मधुकर सावंत गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत राहायला आला. बायको गेल्यावर लालबागची खोली विकली आणि मुलाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आला. मुलगा परदेशात. वडील गिरणीत होते, गाव कुडाळजवळ. स्वतः बसगाड्यांवर तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. आवाज असा की भरलेल्या डबलडेकरच्या खालून वरपर्यंत जावा. मी टेलिफोन खात्यात कारकून होतो. तिथे मी बोलायचं नसे, दुसऱ्यांना बोलता यावं म्हणून कागद पुढे सरकवायचे असत. एम.ए. बाहेरून केलं. फोर्टच्या फुटपाथवर पुठ्ठा नसलेला एक जाडजूड इंग्रजी व्युत्पत्तिकोश मिळाला होता, त्यावर माझं सगळं ज्ञान उभं आहे. मी शब्द डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही. त्यामुळे लॅटिन शब्द तोंडातून काढताना आजही माझी जीभ चोरासारखी वागते. शिवाय मला एक खोड आहे. गोष्ट सांगून झाली की मी म्हणतो, "अर्थात याला पक्का पुरावा नाही." रोमन शिपायांना खरोखर मीठ वाटत होते की मिठासाठी पैसे देत होते, हे कोणी नक्की सांगू शकत नाही. सावंत सांगू शकतो. सावंतने ते मीठ जणू स्वतः मोजून दिलं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी बागेत आमचा ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो. व्यायाम झाल्यावर आणि वाढदिवसांच्या टाळ्यांआधी थोडा वेळ माझी 'शब्दाची गोष्ट' असते. अनेक वर्षं आहे. निम्मे लोक गुडघ्यांबद्दल बोलत असतात, काही डोळे मिटून असतात, पण तेवढा वेळ माझा आहे, असं मी धरून चाललो होतो. सावंत आला तेव्हा पहिल्या गुरुवारी गप्प होता. दुसऱ्या गुरुवारी त्याने माझ्या शब्दाला शेपूट जोडलं. पुढे पुढे शेपूटच मोठं होत गेलं. मुलगा फोनवर काहीबाही पाठवतो, त्यात सावंत आपल्याकडचं खोबरं घालतो आणि लोक ऐकतात. कट्ट्याच्या प्रमुख शेवंतीबाई एकदा मला म्हणाल्या, "भाऊराव, आता एक गुरुवार तुम्ही आणि एक गुरुवार सावंत, असं करूया का? तुम्हालाही तेवढाच आराम." मला आराम नको होता. मी "हो, हो, उत्तमच" म्हणालो. शेजारी बसलेली कमलही "चांगलंय की" म्हणाली. ती इतकी वर्षं माझ्या गोष्टीच्या वेळी बायकांत बसून रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालायची. सावंत बोलायला लागला की घड्या थांबत.

मेथी निवडून झाली. मी उठून खिडकीशी गेलो. खाली सावंत कुणाशी तरी हातवारे करत बोलत होता. माझं वय पाहता मला या गोष्टीची लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण लाजेखाली दुसरं काही होतं आणि ते जिवंत होतं. मी स्वतःला म्हणालो, कमल सत्तरीची आहे, तिचे गुडघे दुखतात, ती सगळ्यांनाच भाऊजी म्हणते. लगेच दुसरं मन म्हणालं, सगळ्यांना नाही. आणि या माणसाविरुद्ध माझ्याकडे एक गोष्ट होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती. मनात रुतून बसलेल्या काट्यावरून बोट फिरवावं तसा मी तिच्यावरून रोज फिरत असे. सावंत आमच्याकडे पाणी पीत नाही.

वर्षभर येतो आहे. कमल ट्रे घेऊन बाहेर आली की दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणतो, "नको वहिनी, आत्ताच पिऊन आलो." चहा? "सोडला हो." सरबत? "नको, खरंच नको." बिस्किट मात्र घेतो, पुड्यातलं. हे पहिल्यांदा जाणवलं त्या दिवशी मला जवळजवळ आनंद झाला होता. ज्या माणसाचं सगळं आपल्यापेक्षा मोठं आहे, त्याच्यात अखेर एक बारीकपणा सापडला म्हणून. त्याच्या गप्पांवर कमल हसायची तेव्हा मी तिपाईवरच्या भरलेल्या ग्लासाकडे पाहत राहायचो. मातीच्या माठातलं, वाळा घातलेलं पाणी. ग्लासावर दव जमायचं, ओघळायचं, खाली गोल डाग पडायचा. तो गेला की मी ते पाणी कुंडीत ओतायचो.

पुढच्या गुरुवारसाठी मी शब्द निवडला तो त्याच दुपारी. निवडला म्हणजे कोश उघडला आणि तो तिथे माझी वाट पाहत होता. रायव्हल. प्रतिस्पर्धी. मागे लॅटिन रीव्हालिस, त्याच्या मागे रीव्हस. उच्चार रीव्हस की रीवुस, कोणाला विचारणार? रीव्हस म्हणजे ओहोळ, पाट. रीव्हालिस म्हणजे आपल्याच ओहोळाचं पाणी वापरणारा दुसरा. समोरच्या काठावरचा. ज्याचा हक्क आपल्याइतकाच आहे आणि म्हणूनच ज्याच्याशी भांडण आहे. रोमन कायद्यात या पाणीवाटेकऱ्यांच्या तंट्यांसाठी वेगळा नियम होता, आणि याला पक्का पुरावा आहे. नंतर तिथल्या नाटकवाल्यांनी शब्द उचलला आणि एकाच बाईसाठी झुरणाऱ्या दोन पुरुषांना लावला. ही शेवटची ओळ मी पुन्हा वाचली आणि ठरवलं की ती सांगायची नाही. आणखी एक गोष्ट होती, ती फक्त माझ्यासाठी. डीराइव्ह हा शब्दही त्याच ओहोळातून निघालेला. मूळ प्रवाहातून पाणी वळवून आणणं. म्हणजे मी आयुष्यभर जे करत आलो, शब्दाचं मूळ शोधणं, तेही पाटाचंच काम.

त्या आठवड्यात माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा ओढा सारखा येत राहिला. परभणीकडचं गाव. ओढ्याला उन्हाळ्यात धार उरायची ती करंगळीएवढी. वरच्या अंगाला गावाचं पाणी. त्याखाली म्हशी डुंबायच्या. त्याखाली आमची वस्ती. म्हशी बसून गेलेलं पाणी पिता येत नसे, म्हणून आई वाळूत कोपरभर झिरा खणायची आणि त्याच्याकडेला बसून राहायची. पाणी झिरपून तळाशी जमायचं, वाटी बुडेल एवढं. ती वाटी घागरीत रिकामी करायची आणि पुन्हा बसायची. मी तिच्या पाठीशी सावलीला. वरच्या अंगाला भावकीची भांडणं चालायची, पाण्यावरून डोकी फुटायची, आणि आई मान वर न करता म्हणायची, "भांडू दे. भांडायला तरी पाणी हाय त्यांच्यापाशी." हे वाक्य मी सात दशकं विसरलो होतो. कोशातल्या त्या बारीक अक्षरांतून ते वर आलं. आम्ही कोणाचे रीव्हालिस नव्हतो. प्रतिस्पर्धी व्हायला आधी काठ लागतो. आणि मग मला सुचलं की गोष्टीचा शेवट काय करायचा. सुचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो कशाचा होता, आईचा की सावंतचा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी बागेकडे जाताना कमलने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. एवढ्याने मी विरघळलो. ठरवलं, शेवट सांगायचा नाही. नुसता शब्द सांगायचा, ओहोळ सांगायचा, पुरावा आहे म्हणून सांगायचं आणि बसायचं. उभा राहिलो. रीव्हस म्हणताना अडखळलो, पण सावरलो. दोन काठ, मधलं पाणी, समोरासमोरची दोन माणसं. मी पाहिलं, कमलच्या हातात पिशवी होती आणि घडी थांबली होती. माझ्यासाठी. मी आवाज थोडा वाढवला. तेवढ्यात मागून सावंत म्हणाला, "काय तां खरां! अहो, आमच्याकडे हेच. पोफळीच्या बागांना पाटाचं पाणी. ज्याची त्याची पाळी ठरलेली. माझ्या चुलत्याची पाळी एकदा शेजाऱ्याने मारली. चुलता कोयता घेऊन निघाला आणि पाटात पाय घसरून असा पडला, की शेजाऱ्यानेच त्याला पाठीवर घालून घरी आणलं. वाटेत दोघे शिव्या देत होते. खालून शेजारी, वरून चुलता!" लोक हसू लागले. शेवंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बाई, पाठीवर बसून शिव्या!" कमल हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. माझा ओहोळ वळवून त्याने आपल्या बागेला लावला होता, आणि मी काठावर उभा होतो.

"माझं संपलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज इतका स्पष्ट निघाला की मलाच तो ओळखू आला नाही. "ज्यांचं पाणी एक, ते रायव्हल. पण एखादा माणूस वर्षभर आपल्या घरी येतो, सोफ्यावर बसतो, हसतो, हसवतो, आणि आपल्या घरच्या पाण्याच्या ग्लासाला हात लावत नाही. त्याला रायव्हलसुद्धा म्हणता येत नाही. त्याला काय म्हणायचं, ते सावंतांनी सांगावं. त्यांच्याकडे गोष्टी पुष्कळ असतात."

पलीकडे झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. बागेतल्या प्रत्येकाला आमचं आडनाव माहीत होतं, त्याचंही माहीत होतं. सावंत माझ्याकडे पाहत नव्हता, कमलकडे पाहत होता. परवानगी मागितल्यासारखा, किंवा काही न बोलण्याची विनवणी केल्यासारखा. कमलने अगदी किंचित मान हलवली. त्या दोघांमध्ये काहीतरी आहे, हे तेव्हा मला लख्ख दिसलं. शेवंतीबाई घाईघाईने म्हणाल्या, "चला, वाढदिवस कोणाचा आहे?" आणि टाळ्या वाजल्या.

घरी येताना कमल माझ्यापुढे चालत होती. गुडघे दुखत असूनही पुढे. सोसायटीच्या फाटकापाशी ती थांबली आणि वॉचमन ऐकणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. पाणी प्यायले की धरवत नाही. कुठे जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद करतात. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. घ्या, आता झालं समाधान?"

"तुला कसं माहीत?"

"सांगितलं त्यांनी."

"तुला?"

"मग कोणाला सांगणार? घरात कोण आहे त्यांच्या? मी नर्स होते म्हणून विचारलं बिचाऱ्यांनी. आणि पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं. आज सांगावं लागलं, तुमच्यामुळे."

एका माणसावर मी चारचौघांत घाव घातला होता आणि तो चुकीचा होता. हे मला कळलं. पण ते आत पोचायला वेळ लागत होता, कारण वाटेत दुसरंच काहीतरी आडवं पडलं होतं. त्याने तिला सांगितलं. शरीराचं, लाजेचं, जे पुरुष पुरुषालाही सांगत नाही, ते तिला. आणि तिने ते माझ्यापासून जपून ठेवलं. मला त्याच्या दुखण्याचासुद्धा हेवा वाटला.

"मला वाटलं, आपल्याकडचं म्हणून पीत नाही," मी म्हणालो.

"मला नसतं कळलं तसं असतं तर?" तिचा आवाज चढला. "वॉर्डात माझ्या हातचं पाणी नको म्हणणारे कमी पाहिलेत का मी? मरायला टेकलेले असायचे, नावाची पट्टी वाचायचे आणि म्हणायचे, सिस्टर, तहान नाही. तो चेहरा वेगळा असतो हो. तुम्हाला काय, तुमचं सगळं पुस्तकात." मग जिन्याशी आल्यावर कठड्याला धरत म्हणाली, "खरं सांगा, हे पाण्याचंच होतं ना? का दुसरंच काही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. थर्मामीटर वर धरून पारा पाहावा, तसं. "वेड लागलंय तुम्हाला," ती म्हणाली. "या वयात!" आणि दोन पायऱ्या चढून, पाठमोरीच, "सॅलरीचं तुम्ही मला सांगितलं होतं. घाटकोपरला. माहीत आहे मला."

"मग त्या दिवशी नवीन असल्यासारखं का सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पुरावा नाही म्हणून. मी म्हटलं, खोटं असेल. सोडून दिलं. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, मला वाटलं, आपल्या माणसाचं खरं निघालं की." ती धापा टाकत वर गेली. मी खालच्या पायरीवर उभा राहिलो. आपल्या माणसाचं. चार दशकांहून जास्त काळ मी समजत होतो की तिने ऐकलं नाही. तिने ऐकलं होतं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, जो मी स्वतःच्या भीतीने जोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तेव्हा मी दार उघडणार नव्हतो. कमलने उघडलं. सावंत आत आला, नेहमीच्या जागी बसला आणि मी काही म्हणायच्या आत मोठ्याने म्हणाला, "वहिनी, पाणी."

"भाऊजी, उगाच काहीतरी..."

"आणा हो. तहान लागलीय."

मी म्हणालो, "सावंत, मी काल—" पण पुढचा शब्द आला नाही. मला शब्दांची मुळं येतात, शब्द येत नाहीत. त्याने हात वर केला. "तुम्ही बोललात ते माझ्यापुरतं खोटं होतं, भाऊराव. पण सगळं खोटं नव्हतं. आमच्या पडवीच्या वळचणीला आजीने एक करवंटी खोचून ठेवली होती. काही माणसं आली की तिच्यात वरून पाणी ओतायची. कोणासाठी, ते मी कधी विचारलं नाही. रात्री तेच आठवत होतं. म्हटलं, भाऊरावांनी विचारलं ते बरोबर माणसाला नाही विचारलं, पण बरोबर घराला विचारलं." तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होता. त्या आवाजात गोष्ट नव्हती.

कमलने ग्लास आणला. तो पीत असताना आम्ही दोघे त्याच्या गळ्याकडे पाहत होतो, जणू मुलाला औषध पाजतोय. अर्ध्याच्या खाली गेल्यावर तो थांबला, ग्लास तिपाईवर ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलू लागला. मुलाचा फोन, बंद पडलेली लिफ्ट. मी त्याचे पाय पाहत होतो. टाच हलायला लागली, मग गुडघा. कपाळावर घाम आला. शेवटी तो वाक्य अर्धवट सोडून म्हणाला, "भाऊराव, तुमचं बाथरूम..."

कमल आधीच उठली होती. "या, इकडून. सावकाश. कडी लावू नका, दार नुसतं लोटा. मी इथेच आहे." ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली, मान किंचित कलती, कान दाराकडे. ती मान मला माहीत होती. माझ्या बायपासनंतर मी इस्पितळात डोळे किलकिले करून पाहायचो तेव्हा ती तशीच उभी असायची, आणि मला वाटायचं की हे जगात फक्त माझ्यासाठी आहे. ते माझ्यासाठी नव्हतं. ते तिचं होतं, वरच्या अंगाला कुठेतरी उगम असलेलं, आणि ज्याला तहान असेल त्याच्याकडे जात होतं. हे कळूनही माझ्या छातीतला काटा गेला नाही. उलट तो आता स्पष्ट होता, त्याचं टोक कुठे आहे हे मला बोटाने दाखवता आलं असतं. त्याला नाव होतं. नाटकवाल्यांचा अर्थ, जो मी कट्ट्यावर गाळला होता.

तिपाईवर सावंतचा ग्लास होता. काठावर त्याच्या ओठांचा ओला ठसा, आत चार घोट पाणी. नेहमीप्रमाणे ते कुंडीत ओतायला मी ग्लास उचलला. मग तसाच उभा राहिलो. वाळ्याचा वास आला. आई वाटी बुडवायची तेव्हा पहिल्या पाण्याला मातीचा वास यायचा, आणि ती पहिली वाटी मला द्यायची. मी ग्लास तोंडाला लावला.

"अहो," कमल पॅसेजमधूनच म्हणाली, दारावरची नजर पूर्ण न काढता. "त्यांचं उष्टं आहे ते."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि उरलेलं प्यायलो.